मोह मनात येणे आणि मोहाला जागा देणे

"असा विचार मनात आलाच कसा? म्हणजे माझी श्रद्धाच खोटी का?" ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ख्रिस्ती कुटुंबांतली माणसे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यांपैकी एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

ते तुर्भ्याच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतात. एका पुरवठादाराने प्रत्येक ऑर्डरमागे टक्केवारी देऊ केली, तेव्हा ते "बघू" एवढेच म्हणाले. पैसे त्यांनी घेतले नव्हते. तरीही तीन आठवडे ते रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन बाकावरच बसून राहत होते आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे तेथे दिली जाणारी पवित्र भाकर, घेण्याच्या रांगेत उभे राहत नव्हते. "मॅडम, रोज रात्री प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हाला मोहात पडू देऊ नको' म्हणतो आणि सकाळी लोकलमध्ये ऐरोली, रबाळे येईपर्यंत तोच हिशेब सुरू होतो," असे म्हणत त्यांनी पाकिटातून घडी घातलेले जुने वीजबिल काढले. त्याच्या पाठीमागे महिन्याचे कमिशन, मुलीच्या कॉलेजची फी आणि वजाबाकी मांडलेली होती, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. घडीवर कागद विरत आला होता.

मी त्यांना प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'विषयी सांगितले. इ.स. 400च्या सुमारास लिहिलेल्या या आत्मनिवेदनातली किशोरवयातली पेअर फळांची चोरी पुष्कळांना ठाऊक असते, परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो दहावा भाग. 387 साली बाप्तिस्मा घेतलेला आणि आता बिशप झालेला हा माणूस तेथे वर्तमानकाळात कबुली देतो : जेवताना भूक कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते ते कळत नाही, स्तोत्र ऐकताना शब्दांपेक्षा सूरच अधिक ओढून घेतात, माश्या पकडणाऱ्या पालीकडे पाहताना मन देवाकडून सरकते. ओढ संपली म्हणून त्याने श्रद्धेविषयी लिहिले नाही. ओढ असतानाच लिहिले. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायातही येशूची सर्व प्रकारे आपल्यासारखीच परीक्षा झाली, मात्र तो निष्पाप राहिला, असे म्हटले आहे. म्हणजे मोहाचा प्रसंग येणे हेच पाप नव्हे.

एवढे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. परंतु मी तेथे थांबले असते, तर ते अर्धेच खरे सांगणे झाले असते. येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना ऑगस्टीन पापाकडे जाणाऱ्या तीन पायऱ्या सांगतो : सूचना, तिच्यातले सुख आणि संमती. पुरवठादाराचे बोलणे ही सूचना होती आणि तिच्यावर त्यांचा ताबा नव्हता. तीन आठवडे पाकिटात जपलेला कागद मात्र दुसऱ्या पायरीवरचा होता, आणि "बघू" या शब्दाने तिसरीचे दार किलकिले ठेवले होते. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी मान खाली घातली, पण वाद घातला नाही.

सगळ्यांना मात्र हे लागू करू नये. इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन 1666च्या आपल्या आत्मकथनात लिहितो की ख्रिस्ताला विकून टाक, हे शब्द त्याच्या डोक्यात शंभर-शंभर वेळा घुमत आणि जेवतानाही पाठ सोडत नसत. असे नकोसे विचार एखाद्याला सतत छळत असतील, आणि ते पुसण्यासाठी तो पुन्हा पुन्हा प्रार्थना किंवा कुमसार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करत असेल, तर त्याला दोष न देता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे, असा माझा आग्रह असतो.

या गृहस्थांचे तसे नव्हते. ख्रिस्तशरीराचा प्रश्न त्यांनी फादरांपुढे मांडावा, कारण तो अधिकार माझा नाही, आणि कागद फाडण्याआधी पत्नीला दाखवावा, एवढेच मी सुचवले. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले की पुरवठादाराला लेखी नकार गेला आहे आणि शैक्षणिक कर्जासाठी दोघे बँकेत जाऊन आले आहेत. त्या पुरवठादाराचा माणूस कारखान्यात आला की अजून छातीत धडधडते, हेही त्यांनी सांगितले, आणि या वेळी ते सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही.