'आनुवंशिक'मधला वंश

विचारणा अशी आहे: "डॉक्टर म्हणाले, तुमचं कोलेस्टेरॉल अनुवांशिक आहे. वडिलांचंही वाढलेलं होतं. हा शब्द कसा लिहायचा? आणि बापाकडून मुलाकडे आलेल्या या गोष्टीला 'लिंगसहलग्न' म्हणता येईल का?"

लेखनाचं आधी सांगतो. शब्द 'आनुवंशिक' असा आहे. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे इथे 'अ'चा 'आ' होतो. अनुषंग-आनुषंगिक, परंपरा-पारंपरिक, तसंच हे. 'अनुवांशिक'मध्ये सुरुवातीचा 'अ' जागचा हलला नाही आणि काना 'वं'ला जाऊन चिकटला. 'पारलौकिक'सारख्या मोजक्या शब्दांत दोन ठिकाणी वृद्धी होते, पण तिथेही पहिला स्वर सुटत नाही. 'अनुवांशिक' छापील मजकुरातही सर्रास दिसतो, तरी मी तो स्वीकारणार नाही.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मराठीत 'वंश' म्हटलं की बाप-मुलगा-नातू अशीच ओळ डोळ्यांपुढे येते. मुलगा वंशाचा दिवा, मुलगा नसेल तर वंश बुडाला. 'आनुवंशिक' ऐकल्यावर मन त्याच ओळीने चालू लागतं. शरीरात मात्र त्या ओळीने जाणारं गुणसूत्र एकच, वाय. ते फक्त बापाकडून मुलाला मिळतं. मुलाचं एक्स गुणसूत्र आईकडचं असतं.

'लिंगसहलग्न' म्हणजे ज्याचं जनुक लिंगगुणसूत्रावर, बहुधा एक्सवर, असतं ते. हिमोफिलिया किंवा लाल-हिरव्याचं रंगांधळेपण ही त्याची उदाहरणं. एक्सवरचा दोष बाप मुलाला देऊच शकत नाही, कारण तो मुलाला एक्स देतच नाही. म्हणजे तुम्ही जो पुरावा मांडताय, तोच या शब्दाच्या विरोधात जातो. राहिला वाय. पण रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, यकृतात ओढून घेणाऱ्या ग्राहीचं (पेशीवरच्या रिसेप्टरचं) जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे, आणि ते लिंगगुणसूत्र नव्हे. घराण्यात चालत येणाऱ्या अतिकोलेस्टेरॉलच्या विकारात दोष बहुतेकदा याच जनुकात सापडतो. साधारण २५० माणसांत एकाला हा विकार असतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. तेव्हा इथे 'आनुवंशिक' बरोबर, 'लिंगसहलग्न' चूक.

मग लिंगगुणसूत्रांचा कोलेस्टेरॉलशी संबंधच नाही का? आहे, पण तो वेगळ्या जातीचा. पुरुषांचं एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, सरासरीने स्त्रियांपेक्षा कमी असतं. वयात येताना मुलांमध्ये ते उतरतं आणि त्यात टेस्टोस्टेरॉनचा हात असतो. त्याखेरीज २०१५ साली उंदरांवरचं एक सुंदर काम प्रसिद्ध झालं. त्यात गुणसूत्रं आणि जननग्रंथी यांची फारकत केली होती: एक्सएक्स उंदरांत वृषण, एक्सवाय उंदरांत अंडाशय, असे गटही होते. ग्रंथी कोणतीही असो, एक्सएक्स उंदरांचं एचडीएल जास्त भरलं. उलट २०१२च्या एका अभ्यासात वायच्या एका विशिष्ट घराण्यातल्या ब्रिटिश पुरुषांना हृदयधमनीविकाराचा धोका सुमारे दीडपट आढळला, पण त्याचं कारण कोलेस्टेरॉल नव्हतं. धागे रोगप्रतिकार आणि दाह यांच्याकडे जात होते. अशा ठिकाणी मी 'लिंगगुणसूत्रांचा प्रभाव' एवढंच लिहीन.

तुमच्या घरात हा विकारच असेल, तर बहिणीला आणि मुलीलाही तपासणी करून घ्यायला जरूर सांगा.