रात्रपाळी, मानदुखी आणि रात्री अकराचा कॉल

प्रश्न : चाकणला आमचं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशिनखाली पत्रा दाबून सुटे भाग बनवण्याचा कारखाना. कामगार ६०, पाळ्या तीन : सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १०, रात्री १० ते ६. रविवारी सुट्टी आणि सोमवारी पाळी बदल. रात्रपाळी झाली की दुपारची, मग सकाळची. पहाटे माणसं पेंगतात, रिजेक्शन (बाद माल) वाढतं. मालकांना शनिवारी सकाळी योगशिबिर सुरू करायचं आहे. उपयोग होईल?
— एचआर अधिकारी, चाकण

उत्तर : योगाला आमची ना नाही. पण रात्रभर प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला सकाळी ६ नंतर शिबिरासाठी थांबवलंत, तर त्याची उरलीसुरली झोपही तुम्हीच कापाल. आधी पाळ्यांचा तक्ता हातात घ्या.

तुमचा तक्ता उलटा फिरतो. दुपारपाळीवाला शनिवारी रात्री १० ला सुटतो आणि सोमवारी सकाळी ६ ला गेटवर हजर हवा. मधे ३२ तास. आठवडाभर रात्री एकला झोपलेल्या माणसाला रविवारी रात्री नऊला झोप येत नाही. पहाटे साडेचारला गजर मात्र वाजतो. बहुतेकांच्या शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित मोठं असतं. त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. म्हणून पाळी सरळ फिरवा : सकाळ, दुपार, मग रात्र. सकाळची पाळी शनिवारी २ ला सुटली की दुपारची सोमवारी २ ला, म्हणजे पूर्ण ४८ तास. दुपारनंतर रात्रपाळीला जातानाही तेवढेच.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. रात्रीवरून सकाळवर येताना सरळ तक्ताही फसतो. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी ६ ला संपते आणि सोमवारी ६ ला पुन्हा कामावर : फक्त २४ तास. रविवार झोपण्यात जातो आणि आठवड्याची सुट्टी नावालाच उरते. उपाय असा की शनिवारची रात्रपाळी बंद ठेवायची आणि मशिनचा मेंटेनन्स त्या वेळेत बसवायचा. रात्रपाळी पाच रात्रींची होईल आणि इथेही ४८ तास मिळतील. त्या रात्रीचा पगार कापू नका. कापलात तर कामगारच जुना तक्ता परत मागतील.

पहाटे ३ ते ५ शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि लक्षही. डाय (साचा) बदलणं, क्रेनवर माल उचलणं अशी कामं रात्री २ च्या आत उरका. एकच्या सुमारास १५-२० मिनिटं आडवं होऊ द्या. पाऊण तास झोपू दिलंत तर माणूस जडावलेल्या डोक्याने उठतो आणि तसाच प्रेसपुढे जाणं धोक्याचं. उठल्यावर दहा मिनिटं चालू द्या, मग मशिन. जेवण पाळीआधी घरी, मधे पोहे, उपमा किंवा भाजी-भाकरी असं हलकं काही. पहाटेचा वडापाव कँटीनमधून काढा. शेवटचा चहा ३ ला. पाचचा चहा सकाळी साडेआठला झोपू देत नाही. मधुमेहाचं औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्या कामगाराच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच पाळीत बसवा, नाहीतर मध्यरात्री साखर उतरून तो मशिनवरच कोसळेल. आणि शक्य असेल तर रात्रपाळी सुटताना बस द्या. पेंगुळलेल्या माणसाने पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवणं आम्हाला प्रेसपेक्षा भयंकर वाटतं.

प्रश्न : मी ठाण्यात अकाउंट्सला आहे. दिवसभर लॅपटॉप. मान आणि उजवं मनगट दुखतं. ऑफिसने महागड्या खुर्च्या आणल्या, तरी फरक नाही.

उत्तर : दोष खुर्चीचा नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर जातात, हात खाली ठेवावेत तर मान वाकते. वेगळा कीबोर्ड आणि माउस मागून घ्या. लॅपटॉप जाड फायलींवर इतका चढवा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल आणि पडदा एक हात लांब राहील. चष्मा बायफोकल असेल तर थोडा खालीच ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचाल आणि मान पुन्हा दुखेल.

आपल्याकडची टेबलं साधारण ७५ सेंमी उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला ती उंच पडतात आणि खांदे वर ओढले जातात. कोपर काटकोनात येईपर्यंत खुर्ची वर घ्या. मग पाय लोंबकळतील. त्यांच्याखाली ए-फोर कागदाची न फोडलेली रिमं ठेवा. एक रीम सुमारे ५ सेंमी, बहुतेकींना दोन पुरतात. माउस कीबोर्डला चिकटून हवा. अर्ध्या तासाने एकदा उठायचं, पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवायची.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड आणि साखरही तपासा. दोन्हींमुळे हा त्रास वाढतो.

प्रश्न : यजमान नागपुरात घरून काम करतात, क्लायंट न्यूयॉर्कचे. रात्री अकरापर्यंत कॉल आणि सकाळी नऊला पुन्हा लॉगिन. ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा कायदा आहे म्हणतात, खरं का?

उत्तर : फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. कायदा झालेला नाही. तेव्हा भांडण टीमच्या पातळीवरच करावं लागेल, आणि ते आकड्यांवर करावं.

न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०. क्लायंटने त्याच्या सकाळी कॉल ठेवला तर रात्री ९ च्या आत आटपतो. अकरा वाजतात ते तो दुपारी ठेवल्यावर. त्यामुळे पहिली मागणी वेळेची. दुसरी, ज्या दिवशी रात्रीचा कॉल त्या दिवशी लॉगिन दुपारी १२ ला, आणि ते कॅलेंडरवर दिसलं पाहिजे. तोंडी सवलत दिली की सकाळची मीटिंग ठरतेच. तिसरी, इमर्जन्सीचा फोन आठवडाभर एकाकडेच, पाळीपाळीने. आणि इमर्जन्सी म्हणजे काय हे लिहून : सर्व्हर बंद, पैसे अडकले. रिपोर्टमधला रंग बदलणं यात येत नाही.

हे सगळं मोडतं ते मॅनेजरमुळे. तोच रात्री ११ ला ‘सकाळी बघितलं तरी चालेल’ असा मेसेज टाकतो आणि सगळे तेव्हाच बघतात. मेसेज सकाळी जाईल असा लावून ठेवण्याची सोय ईमेलमध्ये असते, ती त्याला दाखवा. चार आठवडे तास लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. यजमानांची बेरीज ५५ च्या वर गेली, तर तो कागद घेऊन मॅनेजरला भेटायला सांगा.

प्रश्न : कंपनीच्या समुपदेशकाला सांगितलेलं साहेबांपर्यंत जातं का?

उत्तर : जायला नको. तरी पहिल्याच भेटीत विचारा : नोंद कोण ठेवतं, एचआरला नावं जातात की नुसती संख्या? उत्तर गोलमोल आलं तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं.