बिघडलेलं किट टाकू का, आणि दोन गाड्या देऊन ट्रक घेऊ का?

प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या किटमधून गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडायच्या या छंदाबद्दलचे तुमचे प्रश्न मला समजले ते असे. पहिल्याच गाडीच्या किटवर रंग ओघळला, बॉडी खराब दिसायला लागली, म्हणून ते टाकून द्यावं का? एक जण जुन्या ट्रकचं सीलबंद किट देतोय आणि बदल्यात तुमच्याकडची न उघडलेली दोन गाड्यांची किट्स मागतोय, तर ती द्यावीत का? आणि तो ट्रक हातात आलाच, तर त्याची चासी (खालचा सांगाडा) लांब करून वेगळा ट्रक बनवणं नवख्याला जमेल का?

तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एक डबा म्हणजे एक गाडी, असं तुम्ही धरून चालला आहात. मी इतकी वर्षं हे करतेय, ते डबा म्हणजे सुट्या भागांचा साठा असं मानून. १९५८ साली एएमटी या अमेरिकन कंपनीने 'थ्री इन वन' किट्स आणली. एकाच डब्यातल्या भागांतून कारखान्यातून निघते तशी गाडी बनवा, कस्टम (मनाप्रमाणे बदललेली) बनवा नाहीतर शर्यतीची बनवा. तिन्हींचे भाग डब्यात, पण बॉडी एकच. म्हणजे काहीही बनवलं तरी भाग उरणारच. माझ्याकडे उरलेले रिम दुसऱ्या कुणाला हवे असतात, त्याच्याकडे पडून असलेलं इंजिन मला हवं असतं. या छंदात अदलाबदल चालते ती बरीचशी या उरलेल्या भागांमुळे.

त्यामुळे पहिलं उत्तर: टाकू नका. रंग बिघडलाय, प्लास्टिक नाही. काचा आणि चकचकीत भाग आधी काढून घ्या. झाकणाच्या डब्यात ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बॉडी त्यात बुडवून ठेवा. ॲक्रिलिक रंग असेल तर काही तासांत सुटायला लागतो, नाहीतर रात्रभर राहू द्या, मग जुन्या टूथब्रशने घासा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा ज्योत नको. मात्र रंगाचा साधा थिनर वापरायचा मोह टाळा. ही किट्स पॉलिस्टायरीनची असतात आणि लॅकर थिनर पॉलिस्टायरीनच विरघळवतो. सुरुवातीला माझ्या एका गाडीचं बोनेट मी असंच घालवलं. दहा मिनिटांत त्याच्या कडा मऊ पडल्या आणि पृष्ठभागाला सुरकुत्या आल्या, त्या परत गेल्या नाहीत. इनॅमल रंग अल्कोहोलला दाद देत नसेल, तर ओला पॉलिश पेपर घेऊन तो घासून सपाट करा आणि त्यावरच प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) मारा.

आता रंग का ओघळला, तेही बघू. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढाच थर १/२५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या, बॉडीवर बसला, तर त्या मापात तो अडीच मिलिमीटर जाड झाला. दरवाजाची फट, बोनेटची कड, बॉडीवरची अक्षरं, सगळं त्याखाली बुजतं. म्हणून रंगाच्या आधी दरवाजा, बोनेट आणि डिकीच्या रेघा कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने हलक्या हाताने ओढून खोल करून घ्या. पात्याची धार लावलीत तर ती रेघ सोडून बॉडीवर घसरते, मागची बाजू मात्र रेघेतच राहते आणि प्लास्टिकची बारीक कुरळी साल काढत जाते. तीन-चार वेळा ओढली की पुरे. साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेषा बहुतेक वेळा पुढच्या मडगार्डवरून जाते. तीही घासा, नाहीतर चकाकी आली की पहिली तीच दिसते. मग प्रायमर, आणि रंगाचे पातळ हात. पहिला हात नुसता धुक्यासारखा. त्यातून खालचं प्रायमर दिसलं तरी दिसू द्या. पहिल्याच फवाऱ्यात पूर्ण रंग चढवायला गेलं की ओघळ येतो. किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि तुम्हाला पांढरा रंग हवा असेल, तर मध्ये चंदेरी रंगाचा एक थर द्या. तो नसला तर लाल रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्याचं गुलाबी होतं.

एवढं करूनही ती बॉडी मनासारखी झाली नाही, तरी तिचं इंजिन, सीट्स, चाकं, आरसे पुढच्या कामाला येतात. मी प्रत्येक किटचं उरलेलं सामान इंजिनाचे भाग, चाकं, काचा आणि आतलं काम अशा चार खणांत ठेवते. काचा मात्र वेगळ्या पिशवीत, टायरपासून लांब. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टेकेल त्याला खात जातं. रिमवरसुद्धा हे होतं. म्हणून रिमच्या कडेला टायर बसवण्यापूर्वी रंगाचा किंवा फॉइलचा अडसर हवा.

आता ट्रक. जमेल, पण क्रोमची तयारी ठेवा. ट्रकच्या किटमध्ये बंपर, जाळी, धुराड्याच्या उभ्या नळ्या, डिझेलच्या टाक्या असं बरंच काही चकचकीत येतं. हा चकचकीत थर म्हणजे निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यातून कापले की कापल्या जागी पांढरा डाग राहतो. त्यात टाक्या आणि धुराडी दोन अर्ध्या तुकड्यांत येतात, म्हणजे जोडरेषा थेट क्रोमवरून जाते. क्रोमवर ग्लू धरत नाही आणि सांधा घासला की क्रोम जातो. हे भाग मी क्रोम राखून जोडायच्या फंदात पडत नाही. कपडे धुवायच्या साध्या ब्लीचमध्ये बुडवते, थोड्या वेळात ॲल्युमिनियम निघून जातं. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका, वर सांगितलेलं अल्कोहोल तर मुळीच नाही, आणि भाग स्वच्छ पाण्याने धुवा. मग अर्धे तुकडे जोडा, सांधा घासा, चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि त्यावर क्रोमचा रंग एअरब्रशने अगदी विरळ मारा. खालचा काळा आरशासारखा गुळगुळीत असेल, तरच वरचा क्रोम क्रोम वाटतो.

चासी लांब करायची तर आधी हिशोब. १/२५ मध्ये खऱ्या ट्रकचा १ मीटर म्हणजे ४० मिलिमीटर. चासीच्या दोन लांब पट्ट्या एकाच रेषेत कापू नका. डावी मागे, उजवी दोन-तीन सेंटिमीटर पुढे अशी कापा, म्हणजे दोन्ही कमकुवत जागा समोरासमोर येत नाहीत आणि चासी मध्येच दुमडत नाही. पट्टीच्या आतला खोबणीचा भाग बघा. त्यात बसेल एवढी प्लास्टिकची पट्टी घ्या आणि ती सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन सेंटिमीटर जाईल अशी चिकटवा. यासाठी सुपरग्लू नको. पातळ, प्लास्टिक विरघळवणारा ग्लू घ्या. तो दोन्ही बाजूंचं प्लास्टिक मऊ करतो आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतं.

हे सगळं जाड सपाट काचेवर करा. चासी काचेवर उलटी ठेवायची, दोन्ही बाजूंना धातूची पट्टी लावून दाबायची आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. माझ्या एका ट्रकच्या वेळी मी संध्याकाळीच उचलून पाहिलं. डोळ्याला सरळ दिसत होती. चाकं लावली तेव्हा मागचं डावं चाक कागदाच्या दोन घड्यांएवढं वर राहिलं. तेव्हापासून माझी परीक्षा ठरलेली आहे. चाकं तात्पुरती लावून ट्रक काचेवर ठेवायचा आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठी ओढताना सगळीकडे सारखी अडली पाहिजे. तीन एक्सल आणि दहा टायर असलेल्या ट्रकमध्ये एक चाक जरी अधांतरी राहिलं, तरी कितीही सुंदर रंग असो, तो ट्रक वजनदार वाटत नाही.

चासी वाढली की इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा शाफ्टही वाढवावा लागतो. इथे नुसता लांब दांडा घालू नका. खऱ्या लांब ट्रकमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये आडव्या पट्टीला शाफ्टला आधार देणारं सेंटर बेअरिंग असतं. तो छोटासा ठोकळा उरलेल्या भागांतून कापून लावलात, तर ज्याला ट्रक कळतो त्याला पाहताक्षणी पटेल. इंजिन उघडं ठेवणार असाल तर वायरही मापात घ्या. गाडीच्या स्पार्क प्लगची खरी वायर ७-८ मिलिमीटर जाड, म्हणजे १/२५ मध्ये साधारण ०.३. बाजारात मिळणारी पहिली बारीक वायर गुंडाळली की इंजिनावर नळ्या बसवल्यासारखं दिसतं. (ट्रकचं इंजिन डिझेलचं, त्याला स्पार्क प्लग नसतात. तिथे डिझेलच्या आणि हवेच्या नळ्या घालायच्या. ही चूक मी चांगल्या चांगल्या कामांत पाहिली आहे.)

गाडीच्या किटमधले भाग ट्रकला लावताना मापाकडे लक्ष द्या. अमेरिकन गाड्या-ट्रक बहुतेक १/२५ मध्ये, जपानी गाड्या आणि इटालेरीसारख्या युरोपीय कंपन्यांचे ट्रक १/२४ मध्ये. फरक ४ टक्क्यांचा. सीट, आरसा, बॅटरी यांत तो कळत नाही. पण ७.२ मीटरचा ट्रक १/२४ मध्ये ३०० मिलिमीटर होतो आणि १/२५ मध्ये २८८. त्यामुळे एकाची कॅब दुसऱ्याच्या चासीवर ठेवलीत तर लगेच खटकेल.

राहिली अदलाबदल. सीलबंद हा शब्द ऐकून घाई करू नका. बाहेरचं पातळ प्लास्टिक कोणालाही पुन्हा चढवता येतं, आणि ते खरोखर मूळचं असलं तरी आत काय झालंय ते कुणालाच माहीत नसतं. मला एकदा असाच डबा आला. देणारा माणूस सरळ होता, त्यानेही तो कधी उघडला नव्हता. आत एक टायर पुढच्या काचेवर पडून होता आणि काचेत त्याच्या नक्षीसकट खळगा पडला होता. डिकल (बॉडीवर चिकटवायची छापील चित्रं-अक्षरं) पिवळी पडली होती. डिकलचं एक वेळ ठीक, उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवून ठेवली तर बरीचशी उजळतात. काच मात्र गेली ती गेली, ती मला नवी बनवावी लागली.

म्हणून ट्रक देणाऱ्यांना सरळ विचारा, तुम्ही डबा उघडायला तयार आहात का? तयार असतील तर माहितीपत्रक पसरून त्याच्या शेजारी सगळ्या चौकटी मांडलेला फोटो मागा. काचांचा वेगळा जवळून घेतलेला, डिकलचा वेगळा, आणि चासी सपाट टेबलावर ठेवून बाजूने घेतलेला. चासी वाकलेली असली तर त्याच फोटोत कळते. उघडायला तयार नसतील तर ते संग्राहकाच्या हिशोबाने बोलताहेत. सील आहे म्हणून त्याची किंमत, आणि ते सील तुम्ही पहिल्याच दिवशी फोडणार. ती किंमत तुम्ही दोन किट्स देऊन का मोजावी? त्याच ट्रकचं किट कंपनीने पुन्हा काढलंय का तेही बघा. काही ट्रकचे १९७० च्या दशकातले साचे अजून चालू आहेत आणि त्यांतून नवी किट्स निघतात. नव्यात डिकल ताजी असतात आणि भाग तेच. बनवणाऱ्याला ते जास्त उपयोगी.

मी तुमच्या जागी असते तर एक न उघडलेली गाडी आणि सोबत उरलेल्या भागांतले रिम किंवा एखादं पूर्ण इंजिन देऊ केलं असतं. समोरचा बनवणारा असेल तर त्याला हे आवडेल, आणि दुसरी गाडी तुमच्याकडे राहील. जे द्याल त्यात काय कमी आहे ते आधीच सांगा, भाग मोजून सांगा. पाठवताना काचा मऊ कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, टायर वेगळ्या पिशवीत, आणि किटचा डबा त्याहून मोठ्या खोक्यात सगळ्या बाजूंनी कागद कोंबून. किटचा पातळ डबा एकटा पाठवला की कोपरे दबतात आणि आतली बॉडी छताच्या खांबांशी तडकते.

ट्रक आलाच तर चासी कापण्यापूर्वी पुढच्या एक्सलपासून मागच्या पहिल्या एक्सलपर्यंतचं अंतर मोजून इथे लिहा. किती मिलिमीटर वाढवलं तर कॅब आणि टाक्यांच्या जागा कशा बसतील ते आकडे बघून सांगेन.