राजवाड्यातील टचस्क्रीन आणि चुन्याचा गिलावा

प्रश्न : मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान असलेल्या लक्ष्मी-विलास पॅलेसजवळ राहतो. जुने राजवाडे दुरुस्त करून तेथे टचस्क्रीन आणि ध्वनी-प्रकाशाची संग्रहालये उभारली जात आहेत. यामुळे मूळ वास्तूला धक्का बसत नाही का? आणि सिमेंटने झटपट होणाऱ्या कामाला चुन्यात इतका काळ का लागतो?

उत्तर : आधी चुन्याचे पाहू. जुन्या चुनेगच्ची भिंती पावसाळ्यात ओल शोषतात आणि पुढे ती चुन्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर टाकतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बुजते, ओल आतच कोंडते आणि तिच्यासोबत आलेले क्षार साचून पोपडे सुटू लागतात. चुना मात्र विरवून मुरवावा लागतो, वाळूबरोबर घाणीत (चुना मळण्याच्या चक्कीत) मळावा लागतो, त्यात गुळाचे व हिरड्याचे पाणी घातले जाते (गुळाची तरी कोल्हापुरात वाण नाही), आणि थर दिल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत तो सावकाश पक्का होतो. घाई केली तर तडे जातात.

अशा भिंतीत वायरींसाठी झिऱ्या मारणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी ओतणे होय. स्क्रीन वेगळ्या चौकटीवर उभी करावी. उद्या ती हलवली तर मागे खूणही राहू नये.

एवढे पाळले तर स्क्रीनला माझा विरोध नाही, उलट काही ठिकाणी ती हवीच. जुने कागद व वस्त्रे यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत, त्यामुळे मंद उजेडात मोडी अक्षर लावणे जाणकारालाही जड जाते. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. त्या जाहीरनाम्याची ओळ न् ओळ मोठी करून वाचता आली, तर शाळकरी मुले तेथे थबकतील. याउलट न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमधील रंगीत काचांवरचे शिवचरित्राचे प्रसंग मान वर करूनच पाहावेत. तेथे प्रसंगाचे नाव सांगणारी लहानशी पाटी पुरे.

आणखी एक सुचवावेसे वाटते : एखाद्या कोपऱ्यात हातभर भिंत गिलावा न करता उघडी ठेवावी आणि शेजारी चुन्याचा नमुना हाताळायला द्यावा. त्याला वीजही लागत नाही.