द्राक्षवेलीवर पहिल्यांदा बोलताना

बेटा, रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या योहान 15 (पंधराव्या अध्याया)वर बोलणार आहेस, पण सुरुवात तिथून करू नको. आधी यशया 5 वाच. द्राक्षमळ्याचा धनी खणतो, गोटे वेचतो, बुरूज बांधतो आणि पदरी पडतात रानद्राक्षं. तो मळा म्हणजे इस्राएल, सातव्या वचनात उघडच आहे.

मग यहेज्केल 15. वेलीच्या लाकडाची साधी खुंटीही होत नाही, नुसतं जळण. आपल्याकडं द्राक्षमळा कोणी पाहिला? पण पऱ्हाटी चुलीतच जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला हे वचन पऱ्हाट्या उपटतानाच उमगलं.

स्तोत्र 80 सोडू नको. मिसरातून (इजिप्तमधून) आणून लावलेली वेल, म्हणजे पुन्हा इस्राएलच, रानडुकरं उद्ध्वस्त करतात. ते दुःख आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

एवढं झाल्यावरच येशूचं ‘मी खरा द्राक्षवेल आहे’ वाच. ‘खरा’वर थोडा थांब.