दाब वाढवण्याआधी पेलेटचा पृष्ठभाग बघा

सॉलिड-स्टेट बॅटरीसाठी गार्नेटची (एलएलझेडओ, लिथियम आयन वाहून नेणारं सिरॅमिक) पेलेट म्हणजे चकती, दोन्ही बाजूंना लिथियमची फॉइल, आणि स्क्रू कितीही आवळले तरी इंटरफेसचा (दोघांच्या सांध्याचा) रेझिस्टन्स हजार ओहम-चौरस सेंटीमीटरच्या खाली येत नाही. तुमचं हे वाचलं आणि माझे वाया गेलेले सात महिने आठवले. मीही दाबच वाढवत होतो. तीन पेलेट तडकल्या, आकडा जागचा हलला नाही.

चूक दुसरीकडेच होती. मी पेलेट उघड्या हवेत पॉलिश करून ठेवत होतो. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून गार्नेटवर लिथियम कार्बोनेटचा पातळ थर बसवतात, आणि लिथियम त्याला चिकटत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात वितळलेल्या लिथियमचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका लहान तितकं चिकटणं चांगलं) कार्बोनेटवर १४२ अंश आणि स्वच्छ गार्नेटवर ६२ अंश निघाला होता. म्हणजे पानावरचा थेंब आणि काचेवर पसरलेलं पाणी, एवढा फरक. तिथे दाब काय करणार?

हे लवकर कळलं असतं, पण ज्या चाचणी केंद्राकडे नमुने दिले त्यांनी एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी) करून 'शुद्ध क्यूबिक, अशुद्धी नाही' असा अहवाल हातात ठेवला. एक्सपीएस (फक्त वरचे काही नॅनोमीटर तपासणारी चाचणी) मागितलं तर म्हणाले, गरज नाही. एक्सआरडीचे किरण आत खोलवर जातात, काही नॅनोमीटरचा थर त्यात दिसणारच नाही. एवढं तरी सांगायला हवं होतं. आजही राग येतो. पृष्ठभागाचा प्रश्न असेल तर एक्सपीएस किंवा निदान रामन (लेझरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखणारी चाचणी) हट्टाने मागा.

आता मी पॉलिश केलेली पेलेट ग्लोव्हबॉक्समध्येच (हवाबंद पेटीत) आर्गॉनखाली ४०० ते ५०० अंशांवर तापवतो आणि बाहेर न काढता लगेच लिथियम लावतो. २०१७ च्या त्याच कामात अशा पद्धतीने २ ओहम-चौरस सेंटीमीटरपर्यंत मजल गेली होती. माझा आकडा तितका खाली आला नाही, पण दोन अंकी झाला. तापवणं लिथियम लावण्याआधीच, ते १८० अंशांच्या आसपास वितळतं. आणि हे सगळं गार्नेटपुरतंच. गार्नेटऐवजी सल्फाइडचं इलेक्ट्रोलाइट वापरणाऱ्यांनी माझं ऐकू नये. त्यांचा माल ओलाव्याने विषारी हायड्रोजन सल्फाइड सोडतो, त्यांची काळजी वेगळी.

दाब निरुपयोगी आहे असं मात्र नाही. डिस्चार्ज होताना लिथियम सरकून जातं, मागे पोकळ्या राहतात आणि संपर्क तुटतो. त्या भरून निघायला तो लागतो. फक्त तो स्वच्छ पृष्ठभागावर द्या, आणि करंट हळूहळू वाढवत न्या.