तो कुत्रा पुरू देऊ नका, आधी तपासणी करून घ्या

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि राहवेना म्हणून लिहितो. काजू बागायतीत मरून पडलेला कुत्रा, मरण्याआधी तो वाड्यावरच्या कुत्र्यांना चावलेला, त्याला पाणी पाजायला गेलेला तुमचा पुतण्या, आणि 'पुरून टाका, विषय संपला' म्हणणारे पंच. हा रेबीजच असू शकतो. गोव्यात आमच्या डिचोलीकडच्या वाड्यावर हेच सगळं झालं होतं. मी डॉक्टर नव्हे, पशुवैद्यही नव्हे. लसीकरणाच्या वेळी गावात फिरणारा एक माणूस, एवढंच समजा.

जखम धुणं, इंजेक्शनं हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण पुतण्याच्या बोटांना आधीच ओरखडे होते आणि त्यावर लाळ लागली असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा कुत्र्याच्या तपासणीची वाट बघू नका. त्याला आजच आरोग्य केंद्रात न्या. लाळ उघड्या जखमेला लागली हे स्पष्ट सांगा आणि इम्युनोग्लोब्युलिन (लसीसोबत जखमेत देतात ते तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का, ते स्वतःहून विचारा. गर्दीत हा प्रश्न राहून जातो.

आता कुत्र्याबद्दल. तुम्ही लिहिलं तेव्हा तो पोत्यात होता. अजून असेल तर पुरू देऊ नका. सावलीत ठेवा, पोत्याभोवती बर्फ लावा, उघड्या हाताने कुणी शिवू नये, आणि डोकं कापायच्या भानगडीत तर कुणीच पडू नये. पशुसंवर्धन खात्याला आणि मिशन रेबीज या कुत्र्यांना लस देणाऱ्या संस्थेच्या हॉटलाइनला, दोन्हीकडे फोन करा. रेबीजची खात्री मेंदूच्या नमुन्यावरून होते. कवटी न फोडता मानेच्या मागच्या बाजूने नळी घालून नमुना काढता येतो, पण मेंदू सडला की काही हाती लागत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात तो किती लवकर सडतो ते आम्ही बघितलंय.

आमच्याकडचा कुत्रा भुंकत, चावत फिरणारा नव्हताच. खालचा जबडा लोंबलेला, लाळेची तार जमिनीपर्यंत, पंपाच्या खोलीमागे अंधारात बसून. सगळ्यांना वाटलं घशात हाड अडकलंय. शेजाऱ्याने काढायला तोंडात हात घातला. पिसाळलेला कुत्रा म्हणजे अंगावर येणाराच, ही समजूत इतकी पक्की आहे की मुक्या रेबीजकडे कुणाचं लक्षच जात नाही. जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही, हे शाळेतल्या पोरांनाही सांगा.

कुत्रा मेला आणि आम्ही फोन सुरू केले. एका कार्यालयात सांगितलं, मेलेलं जनावर आमच्याकडे येत नाही, पंचायतीला कळवा. पंचायतीत म्हणाले, पुरा. पुन्हा पहिल्या कार्यालयात गेलो तर लेखी अर्ज मागितला, तोही संबंधित साहेब रजेवरून आल्यावर. मधे शनिवार-रविवार आला. शेवटी कुणीतरी आलं तेव्हा वासाने जवळ उभं राहवत नव्हतं, तपासणी शक्यच नव्हती. कागदावर 'मृत्यूचं कारण अज्ञात'. म्हणजे सरकारदरबारी आमच्या वाड्यावर रेबीज नव्हताच! नोंद नाही म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवर तातडीचं लसीकरण नाही. पुढे पलीकडच्या वाड्यावरची दुभती गाय हंबरून हंबरून गेली. शेजाऱ्याने इंजेक्शनं घेतली म्हणून तो आज आहे, पण त्या गायीचं आणि त्या घराचं जे झालं त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. एका फोनवर निभावलं असतं. आता तिथली माणसं बदललीत, कदाचित तुम्हाला चांगला अनुभव येईल. तरीही बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

कुणी म्हणेल, गोव्यात आता कुठे रेबीज? २०१३ च्या सुमारास सुरू झालेल्या कुत्र्यांच्या लसीकरण मोहिमेने खरंच मोठं काम केलंय. २०१८ ते २०२० मध्ये राज्यात एकही माणूस रेबीजने गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित' जाहीर झालं. पण नियंत्रित म्हणजे मुक्त नव्हे. तुमच्या पेडण्याला आणि आमच्या डिचोलीला पलीकडे सिंधुदुर्ग लागून आहे, आणि कुत्रा सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर थांबून विचारत नाही. म्हणूनच एकेका संशयित कुत्र्याची तपासणी महत्त्वाची. निकाल पॉझिटिव्ह आला की त्या भागात लसीकरणाला पथक आणा म्हणायला तुमच्या हातात कागद असतो.

तुमच्या वाड्यावर जे कुत्रे चावले गेले, त्यांना मारू नका, लांब नेऊन सोडू तर मुळीच नका, रोग तिकडे पोचेल. बांधून ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. आधी लस झालेली असली तरी पुन्हा द्यावी लागते.

माझं मत थोडं कडक आहे, पटलं तर घ्या. ग्रामसभेत भटक्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही यावर तासभर भांडण होतं, लसीवर कुणी बोलत नाही. निर्बीजीकरण हवंच, पण तेवढ्याने रेबीज थांबत नाही. दरवर्षी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस पोचली तर साखळी तुटते. त्यात निसटतात ती बहुतेक आपलीच, दिवसभर मोकळी फिरणारी घरची कुत्री. पथक येतं तेव्हा मालक कामावर आणि अनोळखी माणसं दिसली की कुत्रा बागायतीत पसार. गाडी कधी येणार ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि कुत्री सकाळीच बांधा. लस दिलेल्या कुत्र्याला रंग लावतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच वाड्यावरून एक फेरी मारून बिनरंगाची कुत्री मोजा आणि पथकाला कळवा, ते परत येतात.

आणि पिल्लं लहान आहेत म्हणून लपवू नका. तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही मोहिमेत लस देतात. पोरं सगळ्यात जास्त हाताळतात ती पिल्लंच.